मम्मी खाली है

शाळेत शिकवणाऱ्या बायकांना उन्हाळ्यात सुट्टी असते, असं लोक समजतात. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा पसरवलं तो माणूस सापडला, तर त्याला मी मे महिन्यात आठवडाभर माझ्या जागी उभा करीन. शेवटचा पेपर तपासून होत नाही तोच नवऱ्याला आठवतं की कूलरची खस बदलायची आहे, गॅसवाल्याकडे आधार कार्ड घेऊन जायचं आहे, आणि ‘तू घरीच आहेस ना’. नणंदेला आठवतं की मुलांना मामाकडे राहायचं आहे, आणि ‘वहिनी घरीच आहे’. सोसायटीतल्या बायकांना आठवतं की टँकरवाल्याशी भांडायला चांगली हिंदी बोलणारी बाई हवी, आणि मी घरीच आहे. जबलपूरच्या एका खाजगी शाळेत मी हिंदी शिकवते. मराठी घरातली बाई हिंदी शिकवते, याचं इथल्या लोकांना मोठं कौतुक. ते कौतुक एप्रिलअखेर संपतं आणि त्यानंतर मी फक्त घरी असते.

एरवी मी हे दरवर्षी ऐकून घेते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणत त्या घोड्यालाही चारा घालते. पण तो उन्हाळा मला कुणालाही द्यायचा नव्हता.

माझे बाबा जबलपुरातच, कांचघर नावाच्या वस्तीत राहायचे. फॅक्टरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते एकटेच होते. वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, खाली घरमालक, आणि अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. माझे आजोबा भंडाऱ्याकडून कामाच्या शोधात इथे आले. बाबा इथेच वाढले, इथेच नोकरी केली. त्यांचं विहार इथे, चहाची टपरी इथे, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते ती माणसंसुद्धा इथेच. पण या वयात एकट्या माणसानं वरच्या मजल्यावर किती दिवस राहायचं, असा प्रश्न माझ्या मोठ्या भावानं नागपुराहून काढला, आणि उत्तरही त्यानंच दिलं. जूनमध्ये, पाऊस लागायच्या आत, तो बाबांना आपल्याकडे नेणार होता. त्यात गैर काहीच नव्हतं. माझ्याकडे या म्हणून मी आधी सांगून पाहिलं होतं, तर ‘लेकीच्या घरी पाहुणा म्हणूनच जावं’ एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता. दादाला ते हो म्हणाले. मग मीही हो म्हणाले, आणि मनाशी ठरवलं की ते जाईपर्यंतची प्रत्येक सकाळ माझी.

फार काही करायचं नव्हतं. दहा वर्षांच्या माझ्या लेकीला घेऊन सकाळी कांचघरला जायचं. बाबांच्या हातचा, आल्याचा तिखटजाळ चहा प्यायचा. आईच्या आजारपणात ते स्वयंपाक शिकले होते. त्यांच्या भाकरीला मी कधी नावं ठेवायची, कधी गुपचूप दोन जास्त खायच्या. कैरीचा तक्कू कालवायचा. ऊन उतरलं की ई-रिक्षानं घरी. एवढंच. जूननंतर हे कुठल्याही रजेत, कितीही पैसे टाकून मिळणार नव्हतं. शिवाय माझ्या लेकीला मराठी समजते पण तोंडातून हिंदीच निघते. निदान महिनाभर तरी आजोबांची भाषा तिच्या कानावरून जावी, अशीही एक इच्छा होती.

शाळेत समर कॅम्प असतो. ज्यांच्या आईवडिलांना सुट्टीत मुलं घरी नको असतात त्यांची मुलं आम्ही सांभाळायची, असा त्याचा खरा अर्थ. बाकी पत्रकावर ‘व्यक्तित्व विकास’ वगैरे छापतात. मी एप्रिलमध्येच आमच्या कोऑर्डिनेटर मॅडमना सांगून ठेवलं होतं की या वर्षी मला जमणार नाही, वडिलांचं घर हलवायचं आहे, मी बिझी आहे. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण यादीत माझं नाव घातलं नाही.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. बाबांनी नातीला नियमच घालून दिला होता, ‘माह्या घरात जेवण होईपर्यंत मराठी. नंतर तुझी हिंदी चालू दे, नाईतर इंग्लिश.’ ती अडखळायची, हसायची, आणि मग काहीतरी अचाट वाक्य बोलायची. एकदा म्हणाली, ‘आजोबा, मला पंखा लागून राहिला.’ म्हणजे पंख्याचा वारा लागतोय. बाबांनी ते वाक्य दुरुस्त न करता वर गंभीरपणे विचारलं, ‘जास्त लागला का?’ मला हसू आवरेना.

त्या आठवड्याच्या शेवटी नळाला पाणी उशिरा आलं. मे महिन्यातलं कांचघरचं पाणी म्हणजे करंगळीएवढी धार, आणि तिच्यासमोर चार घरांच्या बादल्या. मी अंगणात उभी राहून डबे भरत होते आणि भरलेला एकेक डबा जिन्यानं वर नेऊन कूलरमध्ये ओतत होते. पदर खोचलेला, घामानं ओलीचिंब, आणि घरमालकिणीशी पाळीवरून तोंडातोंडी चाललेली. वर माझा फोन वाजला. तो लेकीनं उचलला.

पुढचं मला नंतर तिच्याकडून आणि बाबांकडून कळलं. फोनवर मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, ‘बेटा, मम्मी बिज़ी हैं क्या?’ लेकीनं फोनवर हात ठेवून आजोबांना विचारलं, आई कुठे आहे? बाबा म्हणाले, ‘सांग नं त्यायले, आई खाली आहे म्हणून.’ माझ्या गुणी लेकीनं त्याचं भाषांतर केलं. आईची मम्मी केली, आहेचं है केलं, आणि मधला शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून जसाच्या तसा ठेवला.

‘नहीं मैम, मम्मी खाली है।’

मराठीत खाली म्हणजे तळमजल्यावर. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. इतिहासात ध चा मा करून अनर्थ झाला म्हणतात. माझ्या लेकीनं तर एक अक्षरही बदललं नव्हतं.

मी शेवटचा डबा घेऊन वर आले तोवर शाळेच्या ग्रुपवर यादी येऊन पडली होती. समर कॅम्प, कथाकथन आणि सुलेखन, सकाळचं सत्र, आणि पुढे माझं नाव. मी तशीच ओल्या हातानं फोन लावला.

‘मॅडम, मैंने तो पहले ही मना किया था।’

‘हाँ, आपने कहा था बिज़ी हैं। बिटिया तो बोल रही है मम्मी खाली है।’ आवाजात साखर होती.

मी समजावून सांगितलं. मराठी में खाली मतलब नीचे. मैं नीचे पानी भर रही थी. त्या हसल्या. मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आप तो हिंदी पढ़ाती हैं। और आपकी बेटी को खाली और नीचे का फ़र्क नहीं मालूम?’ मग एक सुस्कारा टाकून म्हणाल्या, ‘बच्चे झूठ नहीं बोलते, मैडम।’

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पाण्याचे डबे वाहून माझे खांदे भरून आले होते, आणि ही बाई मला रिकामटेकडी आणि वर खोटारडी ठरवत होती. तिला माझ्याबद्दल काहीच विचारायचं नव्हतं, फक्त एक शब्द हवा होता, तो तिला मिळाला. पण खरा संताप मला त्यानंतर आला, जेव्हा मी ‘ठीक है’ म्हणाले. खाजगी शाळेत जूनमध्ये कुणाला ठेवायचं, कुणाला कुठला वर्ग द्यायचा, हे त्याच ठरवतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

लेकीला मी एक अक्षर बोलले नाही. तिला कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली. ‘पर आजोबांनीच तर बोलायला सांगितलं था।’ बाबा खाली मान घालून कांदा चिरत होते. म्हणाले, ‘जाऊ दे नं. कामाच्या ठिकाणचं आहे, करून टाक. आम्ही दोघं आहोच इथं.’

आणि तसंच झालं. माझ्या सकाळी माझ्या लेकीला मिळाल्या. तिला मी शाळेत जाताना कांचघरला सोडायची आणि दुपारी अडीचच्या रणरणत्या उन्हात घ्यायला जायची. तोवर ती दोघं जेवून, कूलरसमोर चटईवर आडवी झालेली असायची. रस्त्यात ती मला सगळं सांगायची. आज आजोबांनी चौकातल्या टपरीवर नेलं. आज आजोबांनी भाकरी थापायला दिली, तिला भोक पडलं, तर आजोबा म्हणाले, चष्मा झाला. आज आजोबा आजीबद्दल सांगत होते. काय सांगत होते, मी विचारायची. ‘बहुत कुछ. आता नाही आठवत.’ ज्या गोष्टी मला हव्या होत्या त्या मला अशा उरल्यासुरल्या मिळत होत्या. आणि शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांना एका ससोबाची गोष्ट सांगत होते, ती पण हावभावासहित.

घरी आलं की नणंदेची मुलं, त्यांची मॅगी, त्यांचे कपडे. नवऱ्याला मी एकदा सांगितलं की माझा हा महिना हातातून चालला आहे. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘संडेला जाऊ ना आपण सगळे बाबांकडे.’ वाईट माणूस नाही तो. पण रविवारी सगळे गेले की बाबा माझ्या वाट्याला येत नाहीत, जावयाच्या वाट्याला जातात. नवा शर्ट घालून खुर्चीत बसतात आणि पंतप्रधानांपासून पेट्रोलपर्यंत बोलतात.

मग आली बुद्ध पौर्णिमा. आमच्या घरी त्या दिवशी पांढरे कपडे घालून सगळ्यांनी विहारात जायचं, वंदना झाली की वस्तीत खीर वाटायची. आई असताना खीर आमच्याकडेच व्हायची. त्या वर्षी बाबांनी सांगितलं होतं, ‘या वेळची खीर मी करतो. अखेरचीच आहे इथली.’ मी त्यांच्यासाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून पांढऱ्या शर्टाचं कापड आणून शिवून घेतलं होतं. सरकारी सुट्टीचा दिवस. मला वाटलं, हा तरी माझा.

आदल्या दिवशी ग्रुपवर आलं, सुट्टी असल्यानं पालक रिकामे असतात, म्हणून कॅम्पमध्ये त्या दिवशी आजी-आजोबांचा कार्यक्रम ठेवला आहे. सब टीचर्स की उपस्थिति अनिवार्य.

म्हणजे सकाळी आठ वाजता मी फाटकाशी उभी. दुसऱ्यांचे आजोबा मोटारीतून उतरत होते आणि मी त्यांना गुलाब टोचत होते. नमस्ते दादाजी. आइए नानाजी. मंचावर मॅडम भाषण करत होत्या, परिवार से बढ़कर कुछ नहीं, बुज़ुर्गों को समय दीजिए. माझ्या हातात टाचण्यांची डबी होती. त्या टाचण्यांचं त्या क्षणी मला काय करावंसं वाटलं, ते मी लिहीत नाही.

मी कांचघरला पोहोचले तेव्हा दुपार टळत आली होती. विहारातली माणसं कधीच घरी गेली होती. बाबा नव्या शर्टातच बसले होते. शर्टावर खिरीचा एक डाग होता. माझ्यासाठी त्यांनी पातेल्याच्या तळाशी खीर राखून ठेवली होती, ती आटून घट्ट झाली होती. ‘मस्त झाली होती. सगळ्यायनं विचारलं तुले,’ ते म्हणाले. मी खाल्ली. चमच्यानं तोडून खावी लागली. त्यांनी मला ‘काहून उशीर झाला’ असंसुद्धा विचारलं नाही, आणि मला त्याचाही राग आला.

त्यानंतर दोन दिवसांनी दादाचा फोन.

‘जयभीम. अगं, मी या शनिवारी येऊन राहिलो बाबांना न्यायला.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जून ठरला होता.

‘हो, पण तू तर बिझी आहे. पोरीला रोज बाबांजवळ सोडून राहिली. या उन्हात ते तिला सांभाळतात, तिच्यासाठी स्वयंपाक करतात. मग काहून थांबायचं? बाबा पण हो म्हणाले.’

मी त्याला काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी इथे लिहिण्याजोगं नाही. सबंध उन्हाळ्यात एका बाईनं मला रिकामी ठरवलं म्हणून माझ्या सकाळी गेल्या, आणि आता भावानं मला बिझी ठरवलं म्हणून उरलेले दिवस जात होते. मी रिकामी आहे की बिझी, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ती थेट मॅडमच्या केबिनमध्ये. म्हटलं, ‘कल से नहीं आऊँगी।’ त्यांनी भुवया उंचावल्या. ‘क्यों? अब क्या हो गया?’

‘खाली नहीं हूँ।’

जूनचं काय ते आठवून बघा, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आठवलं. आणि बाहेर पडले. (जूनमध्ये माझी नववी-दहावी काढून मला सहावी दिली. नोकरी राहिली. सहावीची मुलं बरी असतात.)

तिथून मी तडक कांचघरला गेले. बाबा ट्रंक उघडून बसले होते, लेक त्यांना स्वेटरच्या घड्या करून देत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

‘बाबा, तुम्ही दादाला हो काहून म्हणाले?’

‘तुले त्रास होऊन राहिला नं बाई. शाळा, घर, तुह्या नणंदेचे पोट्टे. वरून मी.’

‘मला त्रास हवा आहे!’ मी ओरडलेच. ‘तुमचा त्रास मला हवा आहे. बाकीच्यांचा नकोय. एवढं कळत नाही का तुम्हाला? मला एकदा विचारायचं तरी!’

लेक स्वेटर हातात धरून तशीच बसली. बाबांना मी आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्यांनी हातातला सदरा ट्रंकेत टाकला. मग तेही चिडले. त्यांचा चिडका आवाज मी आई गेल्यावर पहिल्यांदा ऐकला.

‘आन् तू येते तं बसते कुठं? मले सांग. आली का पाणी भरते. पाणी झालं का कपाट आवरते. माह्या गोळ्या मोजते, डबे पुसते, चादरी धुते. पहिल्या आठवड्यात तू रोज आली, तं एक चहा तुनं खाली बसून पेला का? उभ्यानंच पेला सगळा. तुह्या शाळेत जशी ड्युटी, तशी माह्या घरी ड्युटी. मग मीच म्हटलं, एक ड्युटी कमी करा पोरीची.’

मला प्रचंड राग आला. एवढ्या उन्हातान्हात मी कुणासाठी मरत होते? आणि ते बोलत होते ते खरंच होतं, म्हणून आणखी राग आला. सोन्याचा म्हणून मी जो आठवडा मनात जपून ठेवला होता, त्यात मी खरोखरच एकदाही बसले नव्हते. त्यांची घडी मोडायच्या आधी सगळं नीट लावून द्यावं, म्हणून मी राबत होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या डब्यांकडे.

‘चपला काढ आन् बस,’ बाबा म्हणाले.

मी बसले. भिंतीला टेकून, पाय पसरून. समोर अर्धी भरलेली ट्रंक, खिडकीत वाळत घातलेली फडकी, ओट्यावर खरकटी भांडी. माझे हात शिवशिवत होते. बाबांनी चहा केला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिले, जणू मी औषध संपवते की नाही ते बघायला. भांडी तशीच पडून राहिली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

दादाला फोन करून तारीख पुढे ढकल म्हणून सांगितलं, पण त्याची रजा मंजूर झालेली, घरमालकाला कळवून झालेलं, वरच्या खोल्यांना नवा भाडेकरू ठरलेला. शनिवार काही हलेना. माझ्या हातात तीन सकाळी उरल्या.

त्या तीन सकाळी मी काहीही केलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. घरी जाऊन मी नणंदेच्या मुलांना सांगितलं, ‘मॅगी स्वतः करा.’ नवऱ्याला सांगितलं, ‘टँकरवाल्याशी तू भांड.’ त्याची हिंदी माझ्याइतकी चांगली नाही, पण टँकर आला. आणि कांचघरला जाऊन मी बसले. बाबांनी आईचं ऐकवलं, या खेपेला मला थेट. लग्नानंतर आई पहिल्यांदा जबलपूरला आली आणि स्टेशनवर हिंदी ऐकून घाबरली, बाबांचा शर्ट धरून चालली. घरापर्यंत सोडलाच नाही. ‘लोक हसून राहिले होते. मले लाज वाटे. आन् बरंही वाटे,’ बाबा म्हणाले. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला समोरचा माणूस बसलेला लागतो.

शनिवारी पहाटे दादा हजर. उन्हाआधी निघायचं, असा त्याचा हुकूम. ट्रंक, गाद्या, कूलर, सगळं टेम्पोनं आदल्या दिवशीच गेलं होतं. खोल्या मोकळ्या होत्या. बाबांनी मात्र रात्रीच बादलीत गावरान आंबे भिजत घातले होते. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाले, ‘बसा सगळे.’

‘बाबा, ऊन चढेल,’ दादा म्हणाला.

‘चढू दे.’

आम्ही चौघं त्या मोकळ्या खोलीत वर्तमानपत्राभोवती बसलो. आंबे चोखायचे होते, कापायचे नव्हते. देठाकडचा चीक पिळून टाकायचा, मग दोन्ही हातांनी मऊ करायचा, मग तोंड लावायचं. दादा नागपूरला चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याच्या कोपरापर्यंत रस ओघळला तेव्हा त्यानं तो लहानपणी चाटायचा तसाच चाटला. लेकीची कोय हातातून सटकली आणि थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर आपटली. दादानं शर्टाकडे पाहिलं. मग बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला. दादाही हसला. मीही हसले. कुणी उठलं नाही, कुणी फडकं आणलं नाही. बादली रिकामी होईपर्यंत आम्ही खात राहिलो, आणि त्या तासाभरात माझा राग कुठे गेला होता मला सांगता येणार नाही.

निघालो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. लेक आणि मी पोहोचवायला गाडीत बसलो, शहराबाहेरच्या तिलवारा घाटापर्यंत. नर्मदेच्या पुलाअलीकडे दादानं गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरलो. बाबाही उतरले, नदीला हात जोडले नाहीत, नुसतं तिच्याकडे पाहिलं. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. ती स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही जाऊ नका.’ एकही शब्द चुकला नाही.

बाबांनी तिचं वाक्य ऐकलं, मान हलवली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘चल, निघ आता. तुले उशीर होत असंल.’

सवयीनं म्हणाले. सगळी वर्षं मी त्यांच्या दारातून बाहेर पडताना ते हेच म्हणत आले होते, आणि सगळी वर्षं मला खरोखरच उशीर झालेला असायचा. मी म्हटलं, ‘नाही बाबा. मला कुठेच जायचं नाही.’

पण दादानं गाडी सुरू केली होती. बाबा आत बसले, काच खाली केली, हात बाहेर काढला. गाडी पुलावर चढली आणि ट्रकांच्या रांगेत दिसेनाशी झाली.

आम्ही मायलेकी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. अकरासुद्धा वाजले नव्हते. शाळा नव्हती, घरी कुणी वाट पाहत नव्हतं, फोन वाजत नव्हता. पुढचा सबंध दिवस माझा होता, आणि तो मला कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावासा वाटत होता.